स्पीकरच्या मागे ज्याचं नाव असतं तो ओहम

घरी ॲम्प्लिफायर जोडायला घेतला की पहिला प्रश्न पडतो, स्पीकरच्या मागे छापलेलं ‘८ ओहम’ म्हणजे काय? ओहम हे एका शाळामास्तरांचं आडनाव आहे.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगनचा. वडील कुलपं बनवणारे कारागीर. ते स्वतःच गणित-विज्ञान शिकले आणि मुलांनाही त्यांनी घरीच शिकवलं. १८१७ पासून जॉर्ज कोलोनच्या एका शाळेत शिकवायचे. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी तारांमधून वाहणारा करंट मोजायला सुरुवात केली.

अडचण अशी की तेव्हाच्या बॅटरीचं व्होल्टेज स्थिर राहायचं नाही. मग रीडिंग तारेमुळे बदललं की बॅटरीमुळे, हे कळणार कसं? शेवटी पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने ते थर्मोकपलकडे वळले. बिस्मथ आणि तांब्याचे दोन जोड, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून व्होल्टेजही कायम. आता फक्त तार बदलायची आणि मोजायचं. त्यातूनच नियम सापडला: करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स.

१८२७ मध्ये त्यांनी यावर पुस्तक काढलं. त्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती, पण पुस्तकाचं स्वागत अगदी थंड झालं. कोलोनची नोकरीही त्यांनी सोडली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला नोकरी मिळाली, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक. १८४३ मध्ये त्यांनी आवाजाबद्दलही एक विचार मांडला: आपला कान मिश्र स्वरातले साधे स्वर वेगळे करून ऐकतो. म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं तेव्हा वय होतं ६३. दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, ते गेले. त्यांचं नाव एककाला मिळालं १८८१ मध्ये.

आता आपल्या टेबलावर या. १२ व्होल्टवर ८ ओहमचा स्पीकर साधारण १.५ अँपिअर करंट घेतो. तसेच दोन स्पीकर पॅरलल जोडले की ४ ओहम होतात आणि करंट ३ अँपिअर. ॲम्प्लिफायरला तो झेपणार नसेल तर चिप तापून जळू शकते. म्हणून जोडण्याआधी हा भागाकार करा. आणि सर्किट बिघडलं तर ओहम यांच्यासारखं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा.