कळफलकाचे जनक : क्रिस्टोफर लॅथम शोल्स

आमच्या आधीच्या पिढीने घर सोडून परप्रांतात येताना बरोबर काय काय आणले, याची यादी करावयास बसले तर ती फार लांबत नाही. एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, आईने दिलेली मेतकुटाची बरणी. आणि ट्रंकेच्या तळाशी, कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवलेले टंकलेखन परीक्षेचे प्रमाणपत्र. मिनिटास तीस शब्द, चाळीस शब्द! त्या एका कागदाच्या आधारावर आमच्यापैकी कित्येकांच्या वडिलांना कचेरीत पहिली नोकरी लागली. नोकरीमुळे बिऱ्हाड थाटले गेले, आणि अशी चार बिऱ्हाडे जमली तेव्हा कोठे मंडळाची कल्पना निघाली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अनेकांचे ऋण आठवत असताना, ज्या गृहस्थाने ते टंकलेखनयंत्र घडविले त्याचेही स्मरण करावे, असे आम्हांस वाटले. आज आमच्या नातवंडांच्या हाताखाली जो संगणकाचा कळफलक आहे, त्याचीही मूळ मांडणी याच गृहस्थाची. त्याचे नाव क्रिस्टोफर लॅथम शोल्स.

शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. लहानपणीच ते एका छापखान्यात उमेदवारी करू लागले. खिळे जुळविणे, शाई लावणे, कागद दाबणे यांत त्यांचे कोवळे वय गेले, आणि अक्षर ही हाताने उचलून जागेवर बसविण्याची वस्तू आहे, ही जाणीव त्यांच्या अंगी मुरली. १८३७ साली ते पश्चिमेकडे, नव्याने वस्ती होत असलेल्या विस्कॉन्सिन प्रांतात गेले. म्हणजे तेही एका अर्थी घर सोडून निघालेलेच. तेथे केनोशा या गावी त्यांनी वृत्तपत्र चालविले, पुढे राज्याच्या विधिमंडळात दोन्ही सभागृहांत काम केले.

त्यांच्या या राजकीय आयुष्यातील एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. १८५१ साली केनोशा येथे एका माणसाला जाहीरपणे फाशी देण्यात आले. शोल्स यांच्या पत्राने त्या खटल्याची हकीकत छापली होती. त्यानंतर फाशीच्या शिक्षेविरुद्ध त्यांनी लेखणी आणि वाणी दोन्ही झिजविली, आणि १८५३ साली विस्कॉन्सिन राज्याने देहदंडाची शिक्षा कायमची रद्द केली. त्या चळवळीत विधानसभेतील पुढाकार शोल्स यांचा होता. टंकलेखनयंत्राचा शोध लावला नसता, तरी एवढ्या एका कार्यासाठी त्यांचे नाव त्या राज्याच्या इतिहासात राहिले असते.

पुढे ते मिलवॉकी शहरात स्थायिक झाले. तेथे त्यांनी वृत्तपत्रांचे संपादन केले आणि बंदराच्या जकात खात्यात अधिकारपदही भूषविले. परंतु मन रमे ते यंत्रांत. छापखान्यातील जुळाऱ्यांनी संप केला तेव्हा खिळे जुळविणारे यंत्र करून पाहण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो फसला. मग सॅम्युअल सूल या मुद्रक मित्राच्या साह्याने पानांवर ओळीने आकडे उमटविणारे यंत्र त्यांनी तयार केले, आणि त्याचे एकस्व १८६६ च्या नोव्हेंबरात मिळविले. क्लाइनस्टॉयबर नावाच्या गृहस्थाच्या ज्या कारखान्यात हे काम चाले, तेथे कार्लोस ग्लिडन नावाचे एक हौशी संशोधक यांत्रिक नांगराच्या खटपटीत असत. जे यंत्र आकडे उमटविते, त्याने अक्षरे का उमटवू नयेत, अशी शंका त्यांनी काढली. पुढे १८६७ च्या उन्हाळ्यात अशाच एका लेखनयंत्राविषयी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकात आलेला मजकूर शोल्स यांच्या वाचनात आला, आणि त्या कल्पनेने त्यांना झपाटले.

पहिला प्रयोग अगदी साधा होता. तारायंत्राची एक जुनी कळ घेऊन तिच्या टोकास त्यांनी ‘डब्ल्यू’ या एकाच अक्षराचा ठसा बसविला. वर काच, काचेखाली कागद आणि कार्बन कागद. कळ दाबताच कागदावर अक्षर उमटले. त्यासाठी लागणारा कार्बन कागद त्या काळी दुर्मिळ होता; तो मागण्यासाठी शोल्स स्वतः तारकचेरीत चार्ल्स वेलर या तरुण तारमास्तरांकडे गेले होते. शरद ऋतूपर्यंत सर्व अक्षरांचे यंत्र तयार झाले. शोल्स, ग्लिडन आणि सूल या तिघांच्या नावे त्याचे एकस्व २३ जून १८६८ रोजी नोंदले गेले.

हे यंत्र दिसावयास पियानोसारखे होते. काळ्या-पांढऱ्या कळांच्या दोन रांगा आणि त्यांवर अक्षरे बहुतांशी वर्णक्रमानेच. एक आणि शून्य या आकड्यांना कळाच नव्हत्या; ‘आय’ आणि ‘ओ’ या अक्षरांवर काम भागविले जाई. कळ दाबली की खालून एक दांडी वर उडे आणि तिच्या टोकावरील ठसा कागदावर आदळे. कल्पना उत्तम होती. परंतु यंत्र रोजच्या वापरास मुळीच योग्य नव्हते. जेम्स डेन्समोर या धडपड्या व्यावसायिकाने यंत्र न पाहताच, आतापर्यंतच्या खर्चाचे सुमारे ६०० डॉलर चुकते करून त्यात चौथाई हिस्सा घेतला होता. १८६८ च्या मार्चमध्ये यंत्र प्रत्यक्ष पाहिल्यावर, हे केवळ कल्पना सिद्ध करण्यापुरते आहे, असे त्यांनी स्पष्ट बजावले.

येथून पुढची पाच वर्षे हीच शोल्स यांच्या आयुष्याची खरी कसोटी. सूल आणि ग्लिडन हळूहळू बाजूस झाले. शोल्स यंत्र करीत; डेन्समोर ते प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडे धाडीत. वॉशिंग्टन येथील जेम्स क्लेफेन नावाचे लघुलेखक हे त्यांतील सर्वांत कठोर परीक्षक. ते यंत्र इतके राबवीत की ते मोडून पडे, आणि मग दोषांची यादी परत येई. पुन्हा नवे यंत्र, पुन्हा मोडतोड, पुन्हा यादी! शांत स्वभावाचे शोल्स कधीकधी अगदी हताश होत. तथापि डेन्समोर यांचे म्हणणे असे की, दोष आताच कळणे बरे. कारखान्यात हजारो यंत्रे झाल्यावर कळण्यात काय अर्थ? अशा रीतीने पंचवीस-तीस नमुने झाले. पियानोची पट्टी गेली, तिच्या जागी लहान गोल कळांच्या चार रांगा आल्या. ज्याला आपण वापरणाऱ्याच्या हाताचा विचार म्हणतो, तो येथे शिकला गेला. आणि तो शिकविला तक्रार करणाऱ्यांनी.

अक्षरांची आजची मांडणी याच काळात घडत गेली. वरच्या रांगेत डावीकडून क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय असा हा विचित्र क्रम का, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. यंत्राच्या पोटात ठशांच्या दांड्या वर्तुळात टांगलेल्या असत. शेजारच्या दोन दांड्या लागोपाठ उडाल्या तर त्या एकमेकींत अडकत. म्हणून वारंवार जोडीने येणारी अक्षरे दूर नेली, हे एक मत. दुसरे असे की, तारेचे संदेश ऐकून उतरविणाऱ्या तारमास्तरांच्या सोयी-गैरसोयींनी ही मांडणी घडविली. कारण कोणतेही असो, ती त्या विशिष्ट यंत्राच्या आणि त्या काळच्या गरजेतून जन्मली, एवढे निश्चित.

१ मार्च १८७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील रेमिंग्टन आणि सन्स या कंपनीशी करार झाला. ही कंपनी बंदुका आणि शिवणयंत्रे करणारी. त्यामुळे १८७४ साली बाजारात आलेल्या पहिल्या यंत्रावर शिवणयंत्राप्रमाणे फुलांची नक्षी होती, आणि नवी ओळ सुरू करण्यासाठी पायाने दाबण्याची पट्टी होती! किंमत १२५ डॉलर. अक्षरे फक्त मोठ्या लिपीतील; आणि ठसा कागदाच्या खालून उमटत असल्याने आपण काय लिहिले ते लिहिताना दिसत नसे. मार्क ट्वेन यांच्यासारख्या लेखकाने ते हौसेने विकत घेतले खरे. परंतु चार वर्षांत जेमतेम पाच हजार यंत्रे खपली. १८७८ साली लहान-मोठी दोन्ही अक्षरे देणारे दुसरे यंत्र निघाले आणि मग हळूहळू चित्र पालटले.

शोल्स यांनी मात्र आपला हक्क आधीच सोडून दिला होता. त्याबद्दल त्यांना सुमारे १२,००० डॉलर मिळाले, असे सांगतात. डेन्समोर यांनी दर यंत्रामागे स्वामित्वधन घेण्याचे ठरविले आणि ते श्रीमंत झाले. दहा मुलांच्या बापाला रोख रक्कम अधिक खात्रीची वाटली असेल, तर त्यांना दोष कोण देईल?

परंतु शोल्स यांना मिळालेले समाधान निराळे होते. १८७२ सालच्या एका छायाचित्रात त्यांची कन्या लिलियन या यंत्रावर बसलेली दिसते. कचेरीत टंकलेखिका म्हणून स्त्रियांना प्रवेश मिळू लागला, तो या यंत्रामुळे. १८८१ साली न्यूयॉर्कमध्ये तरुण स्त्रियांसाठी टंकलेखनाचा वर्गही निघाला. स्त्रियांना सन्मानाने पोट भरण्याचे एक साधन आपल्या हातून घडले, याचा शोल्स यांना अखेरच्या दिवसांत मोठा आनंद होता. आमच्या मंडळातही अशा भगिनी आहेत, ज्यांनी पतीच्या पश्चात किंवा भावंडांच्या शिक्षणासाठी याच कळांवर बोटे झिजविली. त्यांना या आनंदाचा अर्थ समजावून सांगावयास नको.

क्षयाने शोल्स यांचे शरीर पोखरले होते, तरी काम थांबले नव्हते. आणि येथेच त्यांच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. १८८८ साली सिनसिनाटी येथे झालेल्या एका स्पर्धेत फ्रँक मॅगरिन यांनी कळांकडे न पाहता, सर्व बोटांनी रेमिंग्टन यंत्र चालवून प्रतिस्पर्ध्यावर सहज मात केली, आणि त्या मांडणीची कीर्ती सर्वत्र झाली. जग अशा रीतीने तिच्यावर शिक्कामोर्तब करीत असताना तिचे जनक तिच्यावर संतुष्ट नव्हते! १८८९ साली त्यांनी अगदी वेगळ्या क्रमाचा कळफलक असलेल्या यंत्राच्या एकस्वासाठी अर्ज केला. १७ फेब्रुवारी १८९० रोजी, एकाहत्तरावा वाढदिवस उलटून तीन दिवस झाले असता, मिलवॉकी येथे त्यांचे निधन झाले. ते एकस्व मंजूर झाले १८९६ साली. तोपर्यंत, १८९३ मध्ये, प्रमुख यंत्र कंपन्या एकत्र आल्या होत्या आणि जुनी मांडणीच सर्वांची झाली होती. लाखो बोटांना जी सवय जडली, ती खुद्द जनकालाही मोडता आली नाही.

पुढची कथा थोडक्यात सांगू. रेमिंग्टनच्या टंकलेखनयंत्राच्या परंपरेतूनच १९२७ साली रेमिंग्टन रँड ही कंपनी निघाली. तिने १९५० साली एकर्ट आणि मॉकली यांची संगणक कंपनी विकत घेतली, आणि १९५१ साली युनिव्हॅक हा संगणक अमेरिकेच्या जनगणना खात्यास दिला. त्याला माहिती पुरविण्यासाठी चुंबकीय फितीवर टंकलेखन करणारे जे उपकरण केले गेले, त्यावरही कळा होत्याच. दांड्या गेल्या, अडकण्याची भीती गेली, तरी अक्षरांचा क्रम राहिला. आपल्याकडे गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी टंकलेखनयंत्र काढले. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तेही थांबले. क्रम मात्र आजही आमच्या टेबलावर आहे.

हे सारे सांगण्यात आमचा एक हेतू आहे. परप्रांतात वाढलेली आमची मुले आजी-आजोबांना मराठीत चार ओळी पाठवितात, पण बहुधा रोमन अक्षरांत. कळफलकावर मराठी नाही, अशी त्यांची समजूत. कळफलकाचा क्रम म्हणजे काही देवाने घालून दिलेला नियम नव्हे. तो माणसाने केला, आणि करणाऱ्यानेच तो बदलू पाहिला. देवनागरीसाठी १९८६ साली आपल्याच देशात इनस्क्रिप्ट नावाची मांडणी ठरविण्यात आली. तीत डाव्या हाताकडे मुख्यतः स्वर आणि उजव्या हाताकडे मुख्यतः व्यंजने आहेत. क आणि ख, ग आणि घ एकाच कळेवर नांदतात. म्हणजे वर्णमाला ज्याला येते, त्याला अर्धी मांडणी आधीच येते. ती साध्या संगणकावर विनामूल्य मिळते. उणीव आहे ती सवयीची. आणि सवय लहानपणी लावावी लागते, हा शोल्स यांच्या चरित्राचाच धडा आहे.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आमच्या घराघरांतील एका तरी मुलाची बोटे ‘आई’ हा शब्द देवनागरीत न अडखळता उमटवू लागली, तर वडिलांच्या ट्रंकेतील त्या प्रमाणपत्राचे सार्थक झाले असे आम्ही समजू. मिलवॉकीच्या या निगर्वी मुद्रकास आमचे विनम्र अभिवादन.