गामा पैलवान जिंकला, पण म्हाताऱ्या रहीमला विसरला नाही

बार्शी : जत्रेत कुस्त्यांचा फड लागला की शेवटच्या कुस्तीला अख्खं गाव उठून उभं राहतं. एक गडी चितपट होतो. दुसऱ्याला खांद्यावर घेऊन हलगीच्या तालावर मिरवतात. पडलेला पैलवान माती झटकत गर्दीत कुठं जातो, कुणी बघत पण नाही. म्हणून आज गामा पैलवानाची गोष्ट सांगावीशी वाटते.

गामाचं खरं नाव गुलाम महंमद. जन्म १८७८ चा, पंजाबात अमृतसरकडचा. बाप पैलवान होता, पण पोरगा लहान असतानाच वारला. आजोबा आणि मामानं त्याला तालमीत घातलं. दहा वर्षांचा असताना जोधपूरला बैठका मारायची मोठी स्पर्धा झाली. चारशेच्या वर पैलवान उतरले होते. शेवटी उरलेल्या पंधरा जणांत हे पोरगं होतं. वय बघून महाराजांनी त्यालाच विजेता केलं. पुढं दतिया संस्थानानं त्याला सांभाळलं.

१८९५ साली सतरा वर्षांच्या गामानं थेट रहीमबक्ष सुलतानीवाल्याला आव्हान दिलं. रहीम त्या काळचा हिंदुस्थानचा अव्वल मल्ल, उंची जवळपास सात फूट. गामा साडेपाच फुटांच्या थोडा वर. रहीमचं वय झालं होतं, हीच काय ती गामाच्या बाजूची गोष्ट. लोकांना वाटलं, पोरगं लगेच पडणार. पण कुस्ती तासन् तास चालली. गामाच्या नाका-कानातून रक्त आलं, तरी गडी मागं हटला नाही. कुस्ती बरोबरीत सुटली आणि गामाचं नाव देशभर झालं.

पुढच्या काही वर्षांत गामानं एकेक नामी मल्ल पाडला. रहीम मात्र पडत नव्हता.

१९१० साली गामा धाकटा भाऊ इमामबक्षला घेऊन लंडनला गेला. उंची कमी म्हणून तिथं त्याला आधी स्पर्धेत घेईनात. मग त्यानं उघड आव्हान दिलं आणि अमेरिकेच्या रोलरला पाडलं. १० सप्टेंबरला पोलंडचा झिबिस्को समोर आला. तो अडीच तासाहून जास्त वेळ बहुतेक मातीला चिकटूनच राहिला. आठवड्यानं पुन्हा कुस्ती ठरली, तर झिबिस्को आलाच नाही. मानाचा पट्टा गामाला मिळाला.

जग जिंकून आला, पण घरचा हिशेब बाकी होता. परतल्यावर अलाहाबादेत गामा आणि रहीम पुन्हा भिडले. रहीम आता आणखी थकलेला, गामा ऐन भरात. लांबलेल्या कुस्तीत अखेर गामा जिंकला आणि रुस्तम-ए-हिंद झाला. पहिल्या कुस्तीपासून इथवर यायला पंधरा वर्षं गेली होती.

या घराण्याचं आपल्या मुलखाशीही नातं आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या खासबाग मैदानात १९१२ ला पहिली मोठी कुस्ती झाली, ती इमामबक्षनं गुलाम मोहिद्दीनवर जिंकली.

१९२८ ला पतियाळात झिबिस्को पुन्हा आला. आता दोघंही पन्नाशीला टेकले होते. गामानं त्याला मिनिटाच्या आत चितपट केलं. फाळणीनंतर गामा लाहोरलाच राहिला. दंगलीत त्यानं हिंदू शेजाऱ्यांना वाचवलं, असं सांगतात. शेवटचे दिवस आजारपणात आणि पैशाच्या अडचणीत गेले. २३ मे १९६० ला तो गेला.

एवढे मल्ल पाडले, पण सगळ्यात अवघड गडी कोण, असं विचारलं की गामा झिबिस्कोचं नाव घेत नसे. तो रहीमचं नाव घ्यायचा. आपल्या गावच्या फडात पण जिंकणाऱ्याला गदा देताना हरणाऱ्याला एक फेटा बांधायला काय हरकत आहे? समोर तो उभा राहिला, म्हणून तर कुस्ती झाली.