विश्लेषण : पुलंना झालेला पार्किन्सन्स आणि डोक्यावरून दिला जाणारा चुंबकीय उपचार

पु. ल. देशपांडे यांचे निधन १२ जून २००० रोजी पुण्यात झाले. अखेरची काही वर्षे ते पार्किन्सन्सने आजारी होते. १९४६ साली याच तारखेला त्यांचे सुनीताबाईंशी लग्न झाले होते.

८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्मलेल्या पुलंना पेटीचा नाद लहानपणापासूनचा. पुढे प्राध्यापकी झाली, आकाशवाणी आणि दूरदर्शनची नोकरी झाली. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ चित्रपटाची कथा, पटकथा, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका त्यांचीच. ‘बटाट्याची चाळ’मध्ये तर एकटा माणूस रंगमंचावर अख्खी चाळ उभी करायचा. चेहऱ्याची एक रेघ हलली की नवे पात्र. १९६५ मध्ये ‘व्यक्ती आणि वल्ली’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रयोगांतून आलेला पैसा त्यांनी आणि सुनीताबाईंनी सामाजिक कामांना दिला. पुण्याचे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभे राहिले, तेही त्यांच्या देणगीच्या आधाराने.

पेटीवरची बोटे, बोलका चेहरा आणि आवाज ही पुलंची सारी पुंजी. पार्किन्सन्स नेमका यांवरच घाव घालतो. १९९६ चा पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यांचे भाषण सुनीताबाईंनी वाचून दाखवले. ज्याचे बोलणे ऐकायला महाराष्ट्र तिकिटे काढत होता, त्याचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले.

मेंदूत काय बिघडते?

मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. त्या हळूहळू मरतात. मग हालचाली मंदावतात, अंग ताठरते, अनेकांचे हात थरथरतात. अक्षर बारीक होते, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. मन आतून जागेच असते, पण समोरच्याला वाटते की माणसाला कशातच रस उरलेला नाही.

पुलंच्या काळात मुख्य औषध लेव्होडोपा होते, आजही तेच आहे. काही वर्षांनी त्याचा परिणाम कमी वेळ टिकू लागतो. मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये १९८७ पासून सुरू झाली होती, पण त्यासाठी कवटीला छिद्र पाडावे लागते.

छिद्र न पाडता?

१९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून चुंबकीय झटके दिले आणि मेंदूत सौम्य वीजप्रवाह निर्माण करून दाखवला. हाच तो ‘टीएमएस’. भूल नाही, टाके नाहीत. पार्किन्सन्सवर त्याचे प्रयोग नव्वदच्या दशकात, म्हणजे पुलंच्या हयातीतच सुरू झाले. मात्र ते प्रयोगशाळेपुरते होते.

आज चित्र किती बदलले? थोडेच. झटके मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोहोचतात, डोपामिनच्या पेशी मात्र त्याच्या बऱ्याच खाली असतात. त्यामुळे मेलेल्या पेशी परत येत नाहीत. वरच्या थराशी जोडलेल्या जाळ्यावर परिणाम होऊन काहींच्या हालचालींत सुधारणा दिसते, तीही मर्यादित आणि तात्पुरती. नैराश्यावर या उपचाराचा पुरावा अधिक भक्कम आहे, आणि पार्किन्सन्सच्या अनेक रुग्णांना नैराश्यही असते. आणखी एक पेच म्हणजे या आजारात नुसत्या आशेनेही मेंदूत डोपामिन वाढते. म्हणून खऱ्या यंत्राची तुलना खोट्या यंत्राशी करूनच निष्कर्ष काढावा लागतो. ‘हमखास बरे करू’ म्हणणाऱ्या जाहिरातीत ही तुलना कधी नसते.

बीडकरांसाठी काय?

टीएमएसचे झटके सलग काही आठवडे, बहुतेक रोज घ्यावे लागतात आणि यंत्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. आष्टी किंवा धारूरच्या म्हाताऱ्या माणसाने पुण्यात महिनाभर राहायचे तर सोबत एक माणूस आणि खोलीभाडे आलेच. पेसमेकर, डोक्यात धातू किंवा फिट्सचा त्रास असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगणे भाग आहे. गोळ्याही बंद होत नाहीत.

त्या गोळ्या वेळच्या वेळी पोटात जाव्या लागतात. दिवाळीच्या सुमारास घरातली कर्ती माणसे ऊसतोडीला जातात आणि म्हातारी गावात मागे राहतात. आज्जीची पावले आखूड पडू लागली, आवाज बसला, तर ते शेजाऱ्यांना म्हातारपण वाटते, आणि डॉक्टरकडे जाणे कोयता परतेपर्यंत लांबते.