विश्लेषण : मध्यरात्रीच्या दौडीआधीचे पॉल रिव्हिअर… घंटा वाजवणारा मुलगा पुढे घंटा ओतू कसा लागला?

पॉल रिव्हिअर म्हटलं की अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला मध्यरात्रीचा घोडेस्वार आठवतो. ती दौड एका रात्रीची, तीही अर्धवट राहिलेली. घंटांशी त्यांचं नातं मात्र पोरवयापासून म्हातारपणापर्यंतचं.

सात मुलांचा करार काय होता?
रिव्हिअर १७३४ च्या अखेरीस बोस्टनमध्ये जन्मले. वडील फ्रान्समधून आलेले सोनार. पंधराच्या आसपास वय असताना रिव्हिअर आणि सहा मित्रांनी ओल्ड नॉर्थ चर्चमध्ये घंटा वाजवण्यासाठी लेखी करार केला : आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास. दर तीन महिन्यांनी नवा म्होरक्या, नवा सदस्य सर्वानुमतेच, आणि मनोऱ्यात कुणाकडे पैसे मागायचे नाहीत. आपल्या हाउसिंग सोसायट्यांनी वाचावा असा कागद!

घंटा आठ, इंग्लंडमध्ये १७४४ साली ओतलेल्या. इंग्लिश पद्धतीत धून नसते, दर फेरीला घंटांचा क्रम बदलतो. अकरावीचं पर्म्युटेशन आठवा : आठ घंटांचे ४०,३२० क्रम.

‘त्या’ रात्री कंदील का?
१८ एप्रिल १७७५. ब्रिटिश सैनिक कॉन्कॉर्डमधला शस्त्रसाठा जप्त करायला निघाले. बोस्टनमध्ये फौजेचाच तळ. घंटा वाजवणं म्हणजे स्वतःहून पकडले जाणं. म्हणून रिव्हिअर यांनी ठरवून ठेवल्याप्रमाणे त्याच मनोऱ्यात दोन कंदील दाखवले गेले. हा इशारा रिव्हिअर यांच्यासाठी होता, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो नदीपलीकडच्या चार्ल्सटाऊनसाठी होता. ते शहरातच अडकले, तरी बातमी पोहोचावी म्हणून. थोडक्यात, बॅकअप. कंदील वर नेणारे चर्चचे सेवक रॉबर्ट न्यूमन यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही.

रिव्हिअर लेक्सिंग्टनला पोहोचले, पण पुढे कॉन्कॉर्डच्या वाटेवर पकडले गेले. कॉन्कॉर्डला बातमी नेली सॅम्युअल प्रेस्कॉट यांनी. तोवर गावोगावी धोक्याच्या घंटा घणघणत होत्या.

मग घंटा ओतायला कधी लागले?
युद्धानंतर त्यांनी ओतशाळा काढली. १७९२ मध्ये त्यांच्याच चर्चची घंटा तडकली, तेव्हा ती त्यांनी स्वतः नव्याने ओतली. वय ५७! काम सोपं नव्हतं. तांब्यात कथिल वाढवलं की आवाज खणखणीत होतो, पण घंटा ठिसूळही होते. पुढे त्यांच्या कारखान्यातून शेकडो घंटा बाहेर पडल्या. बोस्टनच्या किंग्ज चॅपलमधली, १८१६ ची, सुमारे ११०० किलोची घंटा आजही वाजते. रिव्हिअर १० मे १८१८ रोजी वारले. त्यांची कबर तिथून जवळच, त्याच ट्रेमाँट स्ट्रीटवर आहे.