चुकीच्या नोंदीखालची सही

मी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही. बँकेत असताना दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर दुनळी दिसायची, तेवढाच माझा शिकारीशी संबंध. तरीही निवृत्तीनंतर एका शिकाऱ्याने मला पुरते झपाटले. आल्डो लिओपोल्ड त्याचे नाव. जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याचे पुस्तक हाताला लागले आणि वाचता वाचता तो मला आमच्याच धंद्यातला माणूस वाटू लागला. हिशेबातला.

१९३७ साल सरत आले होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचा हा पन्नाशीचा प्राध्यापक भाऊ कार्ल आणि थोरला मुलगा स्टार्कर यांना बरोबर घेऊन मेक्सिकोत निघाला. सिएरा माद्रे पर्वत, गाविलान नदीचे खोरे, ऐन थंडी आणि हरणाची शिकार. शिकार बंदुकीने नव्हे, धनुष्यबाणाने! धनुष्ये तो घरी स्वतः घडवीत असे. पत्नी एस्टेला तर राज्याच्या तिरंदाजी स्पर्धेतली विजेती. धनुष्याची शिकार म्हणजे नव्वद टक्के आखणी आणि दहा टक्के नशीब. हरणाच्या तीस-चाळीस पावलांवर पोचायचे, तर वारा कुठून वाहतो, सकाळचे ऊन आधी कोणत्या उतारावर पडते, जनावर पाण्यावर कोणत्या वाटेने उतरते, हे सारे आधी ठाऊक हवे. मोटारीची वाट संपली की सामान जनावराच्या पाठीवर. तेव्हा प्रत्येक जिन्नस दोनदा विचार करूनच बांधायचा. एवढे करून रिकाम्या हाताने परतायची तयारीही ठेवायची.

त्या खोऱ्यात तो आदल्या वर्षीही येऊन गेला होता. तिथे जे दिसले त्याने त्याची झोप उडाली असणार. हरणे होती, लांडगे होते, प्यूमाही होते. म्हणजे शिकार खाणारे सगळे हजर, आणि तरीही हरणांना तोटा नाही. उतारांवर गवत टिकलेले, नदीचे पाणी स्वच्छ. सरहद्दीच्या उत्तरेला, त्याच जातीच्या डोंगरांत, सरकारने लांडगे संपवले होते आणि तिथे गुरांनी व हरणांनी झाडोरा ओरबाडून खाल्ला होता. लांडगे मारण्याच्या त्या कामात लिओपोल्डचा स्वतःचा हात होता.

जन्म १८८७चा, आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टनचा. वडिलांचा लिहिण्याची मेजे बनवण्याचा कारखाना. ते स्वतः शिकारी, पण वसंतात, पाखरांच्या विणीच्या हंगामात, कायद्याने बंदी येण्याआधीच त्यांनी आपल्या मनाने बंदूक खाली ठेवली होती. मुलगा येल विद्यापीठातून वनशास्त्र शिकला आणि १९०९ साली ॲरिझोनाच्या जंगलखात्यात दाखल झाला. त्याच वर्षी एका कड्यावर बसून जेवत असता खाली नदी ओलांडणारी लांडगीण आणि तिची पिले दिसली. साऱ्यांनी गोळ्या झाडल्या. धावत खाली पोचलेल्या लिओपोल्डने तिच्या डोळ्यांतला हिरवा उजेड विझताना पाहिला.

चित्रपटात इथे नायक बदलला असता. हा बदलला नाही. पुढे दहा-बारा वर्षे तो लेख लिहून, सभा घेऊन, शिकाऱ्यांच्या संघटना बांधून शेवटचा लांडगा मारला जावा म्हणून झटला. लांडगे कमी तर हरणे जास्त, असा सरळ हिशेब! मला या हिशेबाचे हसू येत नाही. तिमाहीचे आकडे वाढले की शाखेचे भले झाले, असे मीही वर्षानुवर्षे समजत होतो.

१९२४ साली त्याच्याच खटपटीने न्यू मेक्सिकोतले गिला खोरे अस्पर्श रान म्हणून राखले गेले. साडेसात लाख एकर, आत मोटाररस्ता नाही. मग काय झाले? मारणारे कोणी उरले नाही आणि हरणे बेसुमार वाढली. ती मारायला शिकारी आत पोचावेत म्हणून दशक संपता संपता त्या रानातूनच रस्ता मोकळा करण्यात आला. एका हाताने राखलेले रान दुसऱ्या हाताच्या चुकीने दुभंगले.

पुढे विस्कॉन्सिनमध्ये तेच. हरणे उपाशी मरू लागली, तेव्हा माद्याही माराव्या लागतील असे सांगणाऱ्यांत तो पुढे होता. १९४३च्या हंगामात सव्वा लाखाच्या आसपास हरणे मारली गेली आणि लोक खवळले. वर्षभरापूर्वीच डिस्नेचा ‘बाम्बी’ सगळ्यांनी पाहिलेला. हरिणीवर गोळी झाडा म्हणणाऱ्या प्राध्यापकाला कोण चांगले म्हणणार? त्याच्या विरोधात खास पत्रक निघे.

बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवले होते : चुकीची नोंद खोडरबराने पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि आपली सही. लिओपोल्डला ही सही करायला एका माजी विद्यार्थ्याने भाग पाडले. अल्बर्ट हॉकबॉम हा चित्रकार-पक्षीतज्ज्ञ त्याच्या निबंधांसाठी चित्रे काढणार होता. त्याने पत्रांतून पिच्छा पुरवला : इतरांच्या चुका दाखवता, तुमची कुठे आहे? गुरूच्या निबंधाला विद्यार्थ्याने असे विचारावे आणि गुरूने ते मनावर घ्यावे, दोन्ही गोष्टी दुर्मीळच. १९४४ साली, पस्तीस वर्षांनी, लिओपोल्डने ती लांडगीण कागदावर उतरवली. मात्र त्या चार पानांत मधली मोहिमेची वर्षे तपशिलाने येत नाहीत; सही केली, पण जरा घाईत. मला तो त्यामुळे अधिकच जवळचा वाटतो.

शिकार त्याने सोडली नाही. बदलला तो हिशेब : हरणाच्या खात्यात आता डोंगर, गवत आणि लांडगाही धरले जाऊ लागले.

१४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड प्रकाशनाने फोनवर कळवले की निबंधांचे पुस्तक स्वीकारले आहे. बरोबर आठवड्याने, विस्कॉन्सिन नदीकाठच्या त्याच्या शेताशेजारी गवताला आग लागली. शेजाऱ्याच्या मदतीला तो धावला आणि आग विझवता विझवता हृदयविकाराने गेला. वय ६१. उरलेले संपादन मुलगा ल्यूना याने पाहिले आणि पुढल्या वर्षी ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ बाहेर आले.