पृथ्वीप्रदक्षिणेचे तिकीट : हुआन ट्रिप यांची कहाणी



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाभोवती एकच विषय रंगतो, तिकिटांचा! कोणाला मुंबई कितीला पडली, कोण जाताना लंडनला बहिणीकडे चार दिवस उतरले, कोणी येताना सिंगापूर पाहून घेतले. एखादे कुटुंब तर सॅन फ्रान्सिस्कोहून पश्चिमेकडे निघते, महिनाभर पुण्यात राहते आणि युरोपमार्गे परत येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करते. या गप्पांमध्ये ज्यांचे नाव कधी निघत नाही, पण निघायला हवे, अशा एका माणसाची ओळख आज आम्ही करून देणार आहोत. गंमत म्हणजे त्यांचे आडनावच ट्रिप!

हुआन टेरी ट्रिप यांचा जन्म २७ जून १८९९ रोजी न्यू जर्सीतल्या सी ब्राइट या समुद्रकाठच्या गावी झाला. नाव स्पॅनिश वळणाचे असले तरी ते स्पॅनिश नव्हते. नात्यातल्या हुआनिता नावाच्या बाईंवरून हे नाव ठेवले गेले होते. वडील बँकिंग व्यवसायात होते, घर खाऊनपिऊन सुखी होते. पहिल्या महायुद्धात हुआन नौदलात विमान चालवायला शिकले, पण रणांगणावर जाण्याआधीच युद्ध संपले. १९२१ मध्ये येल विद्यापीठातून पदवी घेऊन ते वॉल स्ट्रीटवर नोकरीला लागले. तिथे त्यांचे मन रमेना. नौदलाने मोडीत काढलेली जलविमाने विकत घेऊन त्यांनी एक छोटी विमान कंपनी काढली. ती चालली नाही, पण विमान रिकामे उडाले तरी खर्च तोच होतो, हा या धंद्याचा पहिला धडा मात्र पक्का झाला.

१९२७ मध्ये पॅन अमेरिकन, म्हणजे आपली 'पॅन ॲम', त्यांच्या हाती आली. पहिला मार्ग होता फ्लोरिडातल्या की वेस्टपासून क्युबातल्या हवानापर्यंतचा, जेमतेम ९० मैलांचा, आणि तोही टपालासाठी. तिथून मध्य आणि दक्षिण अमेरिकेत कंपनीचे जाळे पसरले. अटलांटिक एकट्याने ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग तांत्रिक सल्लागार झाले. ट्रिप यांच्या कचेरीत एक मोठा पृथ्वीगोल होता. त्यावर दोरी ताणून ते दोन गावांमधले अंतर मोजत बसत.

या दोरीचे एक टोक आपल्या बे एरियात होते, हे किती जणांना ठाऊक आहे? १९३५ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून 'नॉर्थ हेवन' नावाचे जहाज निघाले. मिडवे आणि वेक या पॅसिफिकमधल्या एकाकी बेटांवर विमानतळ उभारण्याचे सामान त्यात भरलेले होते. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला 'चायना क्लिपर' हे जलविमान अलमीडाच्या पाण्यावरून उडाले. होनोलुलू, मिडवे, वेक आणि ग्वाम करत ते २९ नोव्हेंबरला मनिलाला पोचले. पुढच्या वर्षी प्रवासी घ्यायला सुरुवात झाली. मनिलाचे नुसते जाण्याचे भाडे होते ७९९ डॉलर! त्या काळी नवी मोटारगाडी याहून स्वस्तात मिळे. १९३९ मध्ये अटलांटिकवरची प्रवासी सेवा सुरू झाली, तिचे एका बाजूचे भाडे ३७५ डॉलर होते. थोडक्यात, विमान ही श्रीमंतांची आणि सरकारी पाहुण्यांची चीज होती.

ट्रिप यांचे वेगळेपण इथे दिसते. इतर कंपन्या श्रीमंत गिऱ्हाईक सांभाळत होत्या. ट्रिप म्हणत होते की आधी भाडे उतरवा, म्हणजे माणसे येतील आणि विमाने भरतील. दुसरे महायुद्ध संपताच १९४५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क-लंडनसाठी २७५ डॉलरचे भाडे जाहीर केले. त्या वेळी भाडी ठरत ती सरकारांच्या आणि विमान कंपन्यांच्या संघटनेच्या संमतीने. ब्रिटनने एवढ्या स्वस्त तिकिटाला साफ नकार दिला.

जून १९४७ मध्ये त्यांच्या मनातली मोठी योजना प्रत्यक्षात आली. १७ तारखेला न्यूयॉर्कहून 'क्लिपर अमेरिका' हे कॉन्स्टेलेशन विमान वृत्तपत्रांच्या मालक-प्रकाशकांना घेऊन निघाले. खुद्द ट्रिप विमानात होते. लंडन, इस्तंबूल, कराची, कलकत्ता, बँकॉक, मनिला, शांघाय, टोकियो, मग पॅसिफिकमधली बेटे, आणि सॅन फ्रान्सिस्कोमार्गे ३० जूनला परत न्यूयॉर्क. कराची आणि कलकत्ता तेव्हा एकाच देशात होती. दोनच महिन्यांनी त्यांच्यामध्ये सीमारेषा आली. त्याच महिन्यापासून सामान्य प्रवाशांसाठीही जगप्रदक्षिणेची सेवा सुरू झाली. भाडे सुमारे १,७०० डॉलर होते. स्वस्त नव्हे, पण पैसे असतील त्याला खिडकीवर एक तिकीट घेऊन पृथ्वीला फेरी मारता येऊ लागली.

यात एक गमतीची अडचण होती. पॅन ॲमला अमेरिकेच्या आत प्रवासी नेण्याची परवानगीच नव्हती. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क यांच्यामधला टप्पा प्रवाशाला दुसऱ्या कंपनीच्या विमानाने करावा लागे. म्हणजे जगप्रदक्षिणेचे तिकीट पहिल्यापासूनच एकाहून अधिक कंपन्यांचे मिळून होते.

पुढे १९५२ च्या मे महिन्यात अटलांटिकवर अधिकृतपणे 'टूरिस्ट' वर्ग आला. न्यूयॉर्क-लंडन जाऊन-येऊन ४८६ डॉलर. १९५८ मध्ये इकॉनॉमी वर्ग आला, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पॅन ॲमच्या बोइंग ७०७ जेटने न्यूयॉर्क-पॅरिस सेवा सुरू झाली. १९६५ च्या कायद्यानंतर आपली जी पहिली पिढी अमेरिकेत आली, तिचा प्रवास बहुतेक या जेट विमानांचाच. त्या वेळच्या पूर्ण भाड्याच्या तिकिटात एक सोय होती. ठरलेल्या मैलांच्या आत वाटेतल्या शहरांत जास्तीचे पैसे न देता उतरता येत असे. खिशात मोजके डॉलर घेऊन आलेल्या कित्येकांनी रोम आणि लंडन पाहिले ते असेच. तरीही भारताची फेरी म्हणजे कित्येक महिन्यांचा पगार. तीन-चार वर्षांतून एकदा जायचे, आणि मध्येच घरून तार आली तर पोचता येईलच असे नाही. तिकिटाचे भाडे हा आपल्या घरांमध्ये केवळ हिशोबाचा विषय कधीच नव्हता, तो असा.

एप्रिल १९६६ मध्ये ट्रिप यांनी आयुष्यातली सर्वांत मोठी उडी घेतली. बोइंग कंपनीकडे त्यांनी २५ विमानांची मागणी नोंदवली. किंमत ५२ कोटी ५० लाख डॉलर. ७०७ च्या दुपटीहून अधिक माणसे बसतील असे हे विमान, म्हणजे ७४७ जंबो. गणित तेच जुने : जागा जास्त, तर दर माणशी खर्च कमी. २२ जानेवारी १९७० रोजी जंबो न्यूयॉर्कहून लंडनला गेले. १९७१ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यातही जंबो आले.

पण आम्ही केवळ गुणगान करणार नाही. स्वस्त तिकिटाचा हा पुरस्कर्ता स्पर्धेचा मात्र मित्र नव्हता. परदेशी उड्डाणे करणारी अमेरिकेची एकच कंपनी असावी आणि ती आपली असावी, यासाठी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये बरीच खटपट केली. ती फसली, हे आपले भाग्यच! जंबोची उडीही कंपनीला जड गेली. ट्रिप १९६८ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर प्रवासी अपेक्षेइतके वाढले नाहीत, १९७३ मध्ये तेल महागले, आणि प्रचंड विमाने अर्धी रिकामी उडू लागली. तरुणपणीचा तो पहिला धडा असा व्याजासकट परत आला. ३ एप्रिल १९८१ रोजी ट्रिप यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. १९८२ मध्ये जगप्रदक्षिणेची सेवा थांबली आणि डिसेंबर १९९१ मध्ये पॅन ॲमच बंद पडली.

कंपनी गेली, पण कल्पना टिकली. आज जगप्रदक्षिणेचे तिकीट विमान कंपन्यांचे मोठे गट मिळून विकतात. त्याचे नियम साधारण असे : पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, एकाच दिशेने जायचे, अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे, एका वर्षाच्या आत परतायचे. भाडे कुठे मैलांवर ठरते, कुठे खंडांच्या संख्येवर. प्रवास कोणत्या देशातून सुरू होतो यावरही किंमत बरीच बदलते. म्हणून नुसते भारतात जायचे असेल तर साधे जाऊन-येऊन तिकीट किंवा वाटेत एक मुक्काम असलेले तिकीट बहुधा स्वस्त पडते. तीन-चार ठिकाणी नातेवाईक विखुरलेले असतील तर मात्र प्रदक्षिणेच्या तिकिटाचा भाव आवर्जून विचारावा. दोन्ही हिशोब कागदावर शेजारी शेजारी मांडून मगच ठरवावे.

आणि कधी अलमीडाच्या किनाऱ्यावर फिरायला गेलात, तर मुलांना पाणी दाखवून जरूर सांगा की आजी-आजोबांच्या घरी जाण्याची वाट स्वस्त व्हायला जिथून सुरुवात झाली, त्यातली एक जागा ही.

प्रवास सुखाचा होवो!