कलाभवनातला विद्यार्थी : बडोद्यात घडलेले दादासाहेब फाळके

करजण (जि. वडोदरा) : मुंबईहून निघालेली गाडी भरुचजवळ नर्मदा ओलांडते, मियागाम-करजणला येते आणि मग बडोदा. याच मियागामहून डभोईपर्यंत १८६२ मध्ये खंडेराव गायकवाडांच्या काळात छोट्या रुळांची गाडी सुरू झाली होती. सुरुवातीला ती ओढायला चक्क बैल होते! इंजिनं पुढे काही वर्षांनी कायमची आली. रूळ, इंजिनं, गिरण्या हे सगळं वाढायला लागलं की ते चालवणारी, दुरुस्त करणारी शिकलेली माणसं लागतात. ती आणायची कुठून, हा त्या काळी संस्थानांपुढचा मोठा प्रश्न होता.

महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढलं, त्यामागे हाच विचार होता. रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर संस्थेचे प्रमुख झाले. चित्रकला, स्थापत्य, यंत्रशास्त्र, रंगकाम आणि रसायन हे विषय एकाच आवारात शिकवले जाऊ लागले. इंग्रजी आलं नाही म्हणून कारागिराच्या मुलाचं शिक्षण अडू नये, शास्त्र त्याच्या भाषेत शिकवावं, हा गज्जरांचा आग्रह होता.

या कलाभवनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत नाशिक जिल्ह्यातला एक मराठी तरुण होता, धुंडिराज गोविंद फाळके. सयाजीरावही मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचेच.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. मुलाने पौरोहित्य किंवा शास्त्राध्ययन करावं असं ते घर, पण मुलाचा हात चित्राकडे वळला. १८८५ मध्ये ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथला चित्रकलेचा एक वर्षाचा अभ्यास आटोपून थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर बडोद्याला आले. तिथेच लग्नही झालं.

कलाभवनात फाळके तैलरंग आणि जलरंग शिकले. पण एवढ्यावर थांबले नाहीत. शेजारच्या वर्गात स्थापत्य होतं, ते शिकले. मातीकाम, साचेकाम शिकले. १८९० मध्येच कॅमेरा घेतला आणि फोटो काढणं, काच धुणं, कागदावर छापणं असे प्रयोग सुरू केले. आजच्या भाषेत सांगायचं तर एका शाखेला प्रवेश घेऊन चार शाखांच्या प्रयोगशाळांत वावरणारा हा विद्यार्थी.

गज्जरांनी हे हेरलं. रंगीत ठसे कसे बनवतात, दगडावरून छपाई कशी करतात, अंधाऱ्या खोलीतलं काम कसं चालतं हे शिकायला त्यांनी फाळक्यांना रतलामला पाठवलं. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात फाळक्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि सुवर्णपदक मिळवलं. पुढच्या वर्षी गज्जरांनी कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळाच त्यांना धंद्यासाठी वापरायला दिली.

एवढं शिक्षण, वर सुवर्णपदक. आता बस्तान बसायला हवं होतं. ते बसलं नाही.

कलाभवनातल्या धंद्यात पोट भरेना. १८९५ मध्ये फाळके गोध्र्याला गेले आणि फोटोग्राफीचं दुकान मांडलं. तिथे प्लेगने घाला घातला. पत्नी गेली, मूलही गेलं. एकटे फाळके बडोद्याला परतले. पुन्हा फोटोचा धंदा सुरू केला, तर लोक कॅमेऱ्यासमोर बसायला घाबरत. ते यंत्र अंगातली शक्ती ओढून घेतं, माणूस मरतो, अशी समजूत पसरलेली. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोगही केले.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. त्या सरस्वतीबाई. १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी, ती सोडून लोणावळ्यात छापखाना, मग मुंबईत दादरला. १९०९ मध्ये नवी छपाई शिकायला जर्मनीला. परतल्यावर भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके तोही धंदा सोडून बाहेर पडले. वय चाळीस, हातात काही नाही.

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर आणायच्या, हे तिथेच ठरलं. चाळिशीतला हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. रोज सिनेमे पाहायचे, रात्री जागून अभ्यास आणि प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. तिथे चित्रपट बनवण्याची रीत पाहिली, कॅमेरा आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि दोन महिन्यांत परत आले.

त्या काळी सिनेमा करणं म्हणजे सगळं हाताने करणं. कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात भोकं पाडायची, हाताने दांडा फिरवून चित्रीकरण करायचं, रसायनांत फिल्म धुवायची, प्रती काढायच्या. सरस्वतीबाई ही कामं शिकल्या आणि घरातलं सगळं सांभाळून करू लागल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात राजा हरिश्चंद्र लोकांसमोर आला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो.

आता हिशेब मांडून पाहा. फिल्म धुण्याची रसायनं आणि अंधारी खोली कलाभवनातली. राजवाड्याचे देखावे उभे करायला लागणारं स्थापत्य आणि साचेकाम तिथलंच. रंगवलेले पडदे नाटक कंपन्यांसाठी केलेल्या कामातले. पडद्यावर देव क्षणात प्रकट होतात, अदृश्य होतात, ती नजर केळफाची. ज्या ज्या शिक्षणाने विशीत, तिशीत पोट भरलं नव्हतं, ते सगळं त्रेचाळिसाव्या वर्षी एका पडद्यावर कामी आलं.

पुढची सगळी वर्षं सुखाची गेली असं नाही. पैशांचे वाद झाले, कंपन्या मोडल्या. मूकपटांचा जमाना संपला तसे फाळके मागे पडले. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा बोलपट शेवटचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.

कलाभवन मात्र वाढत राहिलं. १९४९ मध्ये बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि आज कलाभवनाच्या त्याच जुन्या वास्तूत विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा चालते. पदवी हातात आहे आणि नोकरीचा पत्ता नाही, अशा काळजीत तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांनी एवढं ध्यानात ठेवावं. याच आवारातून सुवर्णपदक घेऊन निघालेला एक विद्यार्थी वीस वर्षं धडपडत होता. त्या वीस वर्षांत त्याने शिकणं तेवढं कधी सोडलं नाही.